‘दोष तो दोषच’? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

साखरपुड्याच्या अंगठीतल्या हिऱ्यात नुसत्या डोळ्यांना न दिसणारा दोष असला तर बिघडत नाही, असं मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्देसूद आहे. म्हणून दोन ओळींत हात झटकण्यापेक्षा सविस्तरच लिहितो. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात देतो. मी लोकांना हलका माल पदरात पाडून घ्यायला शिकवतोय, हा मुख्य आरोप. ‘दोष तो दोषच. बिघडत नसतं तर बाजाराने भाव कशाला पाडला असता?’ हा पहिला प्रश्न. दोषामुळे हिरा तडकू शकतो याबद्दल मी गप्प राहिलो, हा दुसरा. अंगठी विकायची वेळ आली तर व्हीव्हीएस, म्हणजे वरच्या शुद्धतेच्या हिऱ्याचा मालक तरेल आणि एसआय, म्हणजे खालच्या शुद्धतेच्या हिऱ्याचा मालक बुडेल, हा तिसरा. आणि शेवटी भाच्यासाठी बघितलेल्या दोन खड्यांची माहिती देऊन ‘आता सांगा, कुठला घ्यावा?’ असं आव्हान. त्याचं उत्तर शेवटी देतो, टाळत नाही.

भाव पडतो, यात वादच नाही. तो मोठ्या प्रमाणात पडतो. सर्वोत्तम रंगाचा, एक कॅरेट वजनाचा हिरा आयएफ (आतून निर्मळ) असेल आणि तसाच दुसरा एसआय1 (भिंगातून दोष सहज दिसणारा) असेल, तर दुसऱ्याचा भाव पहिल्याच्या निम्म्याच्याही खाली असतो. तेच रंग थोडा पिवळसर असेल तर हा फरक बराच आकसतो. आता गंमत बघा. दोष दोन्हीकडे सारखाच, मग पिवळसर हिऱ्यात तो स्वस्त का पडतो? कारण बाजार दोषाचा दंड लावत नाही, दुर्मीळपणाचे पैसे घेतो. रंगानेही अव्वल आणि आतूनही निर्मळ असा खडा क्वचित मिळतो, म्हणून तिथे प्रत्येक पायरीला भाव उडी मारतो.

पायऱ्या म्हणजे काय तेही सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे. हिऱ्यांची प्रत तपासणाऱ्या जीआयए या संस्थेची शुद्धतेची मोजपट्टी 1953 मध्ये आली आणि आज तिच्यात अकरा ग्रेड आहेत: एफएल (आतबाहेर निर्मळ), आयएफ, मग व्हीव्हीएस, व्हीएस आणि एसआय यांच्या दोन-दोन, आणि शेवटी आय1 ते आय3. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून, चांगल्या उजेडात, तयार डोळ्याच्या माणसाला काय दिसतं यावर ग्रेड ठरतो. दहापटीतही सापडायला फार कष्ट पडले तर व्हीव्हीएस. प्रयत्नाने सापडलं तर व्हीएस. भिंग लावल्यावर सहज दिसलं तर एसआय. ठळक दिसलं, चमकेवर किंवा मजबुतीवर परिणाम होण्याइतकं असलं, तर आय. शोधायला सूक्ष्मदर्शक वापरतात, पण निकाल दहापटीवरच लागतो. पन्नासपटीत दिसणारी आणि दहापटीत न दिसणारी गोष्ट हिशोबात सहसा धरत नाहीत. आणि एफएल नि आयएफ यांच्यातला फरक तर नुसत्या पृष्ठभागावरच्या बारीक खुणांचा असतो. हलकं पॉलिश केलं की बऱ्याचदा जाईल असा.

म्हणजे व्हीव्हीएस1 पासून एसआय1 पर्यंतच्या बहुतेक पायऱ्या या ‘दोष किती वाईट आहे’ याच्या नाहीत, ‘तो शोधायला किती अवघड आहे’ याच्या आहेत. अंगठी बघणाऱ्याच्या खिशात भिंग नसतं. भाव कमी होणं आणि हिरा उणा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच माझं म्हणणं होतं आणि अजूनही आहे.

मात्र यावरून कुणी ‘चला, एसआय1 घेऊन टाकू’ असं म्हणत असेल तर त्याला मीच थांबवेन. एकच ग्रेड मिळालेले दोन हिरे सारखे नसतात. ग्रेड ठरवताना दोषाचा आकार, संख्या, जागा, प्रकार आणि तो किती उठून दिसतो, अशा पाच गोष्टी बघून त्यांचं एकच अक्षर करतात. गुणपत्रिकेवर नुसती टक्केवारी छापावी आणि कुठल्या विषयात गचका बसला ते सांगूच नये, तसं ते अक्षर आहे. म्हणून ग्रेड नव्हे, दोष वाचायचा.

तीन एसआय1 खडे डोळ्यांसमोर आणा. तिन्ही गोल, साधारण एक कॅरेटचे. पहिल्यात कडेला, गर्डलजवळ (म्हणजे खड्याच्या सर्वांत रुंद काठाजवळ), एक पांढरट फेदर आहे. फेदर म्हणजे आतली बारीक भेग. वरून बघितलं की ती पैलूंच्या झगमगाटात हरवते. चिमट्यात धरून खडा आडवा केला की मगच एक चपटी, रुपेरी झाक चमकते आणि जरा कलवलं की नाहीशी होते. दुसऱ्यात टेबलाच्या, म्हणजे वरच्या मोठ्या सपाट पैलूच्या, बरोबर खाली एक काळा स्फटिक आहे. तो एकच आहे, पण खालचे पैलू आरशासारखे काम करतात, त्यामुळे एकाचे पाच-सहा ठिपके गोलाकार मांडून ठेवल्यासारखे दिसतात. तिसऱ्यात वेगळा ठिपका असा नाहीच, बारीक बिंदूंचा एक ढग आहे, क्लाउड. भिंगातून तो फारसा खुपतही नाही. पण हा खडा पहिल्या दोघांच्या शेजारी ठेवला की धुरकट दिसतो. उजेड आत जातो, पण परत येताना त्याची धार गेलेली असते.

भेटवस्तू म्हणून मी पहिला घेईन, दुसरा परत करेन आणि तिसऱ्याला हातही लावणार नाही. कागदावर तिघांची किंमत जवळपास सारखी दिसेल, पण व्यापारी एकमेकांत व्यवहार करताना हा फरक बरोबर मोजतात. त्यांच्या माल-याद्या बघा. ग्रेडच्या पुढे आणखी रकाने असतात: टेबलात काळं आहे का, वरच्या भागात उघडा दोष आहे का, खडा दुधाळ आहे का. ‘नो बीजीएम’ असं लिहिलेलं दिसतं, म्हणजे तपकिरी, हिरवट किंवा दुधाळ झाक नाही. 1978 पासून निघणारी रॅपपोर्टची भावयादी हा या धंद्याचा पाया. ती वजन, रंग आणि शुद्धता यांच्या चौकटीत डॉलरचा भाव देते. सौदा मात्र त्या भावावर किती टक्के सूट यावर होतो, आणि ती सूट याच रकान्यांवरून कमीजास्त होते. दुकानातल्या गिऱ्हाईकाला हे रकाने कुणी दाखवत नाही. त्याला एक अक्षर आणि एक आकडा दाखवतात.

त्या भावयादीत एसआय3 नावाचा ग्रेडही आहे, जो जीआयए देतच नाही. अक्षर दिलं कुणी हेही म्हणून बघावं लागतं. 2014 मध्ये रॅपपोर्टच्याच रॅपनेट या ऑनलाइन बाजाराने ईजीएल या दुसऱ्या तपासणी संस्थेच्या रिपोर्टांवरचे हिरे यादीत घेणं बंद केलं, कारण त्यांतले ग्रेड फुगवलेले असतात अशी ओरड होती. ज्यांनी नुसतं अक्षर बघून पैसे मोजले होते, त्यांच्या हाती काय राहिलं असेल याचा विचार करा.

फेदर कडेला असणं हा बहुधा योगायोग नसतो. कच्च्या खड्याला पैलू पाडणाऱ्यापुढे आधीपासून पेच असतो: दोष पूर्ण कापून टाकावा तर वजन जातं, ठेवावा तर ग्रेड जातो. भाव कॅरेटमागे असतो आणि एक कॅरेटसारख्या गोल आकड्यांना तो चढतो, त्यामुळे 1.01 चा एसआय1 काढायचा की 0.90 चा व्हीएस1, हा आधीच गणिताने सोडवलेला प्रश्न असतो. आता त्यासाठी खडा स्कॅन करून संगणकावर आराखडा करतात. मग दोष ठेवायचाच असेल तर तो कडेला सरकवतात, जिथे प्रॉंग, म्हणजे खडा धरणाऱ्या धातूच्या नख्या, त्याला झाकतील. वजनाचं हे दुखणं जुनं आहे. 1852 मध्ये कोहिनूरला लंडनमध्ये पुन्हा पैलू पाडले. त्याचं तेज वाढवायचं होतं आणि त्यातले दोषही अडचणीचे होते. जुन्या मापाने 186 कॅरेटचा तो हिरा 105.6 कॅरेटवर आला. व्हिक्टोरिया राणीचा नवरा त्या निकालावर खूश नव्हता म्हणतात. कापून टाकलेलं वजन कुणालाच आवडत नाही.

आता मजबुतीचा मुद्दा. माझा तो लेख दिसण्याबद्दल होता, टिकण्याबद्दल नव्हता. पण तुम्ही विषय काढलात ते बरं केलंत, कारण खरी भीती इथेच आहे आणि ग्रेडचं अक्षर तिच्याबद्दल सर्वांत कमी सांगतं. हिरा सर्वांत कठीण, पण कठीण म्हणजे अभंग नव्हे. त्याला ओरखडा दुसऱ्या हिऱ्यानेच पडतो, मात्र स्फटिकाच्या रचनेत चार ठरावीक दिशा अशा असतात की त्या दिशेने नेमका घाव बसला तर तो सरळ दुभंगतो. हिरे फोडणारे कारागीर शतकानुशतकं याच गुणावर काम करत आले.

म्हणून दोष कुठला, हे इथे निर्णायक ठरतं. पूर्ण आत कोंडलेला स्फटिक, बिंदू, सुई, ढग यांनी अंगठीच्या आयुष्यात काही होत नाही. आतल्या आत संपणाऱ्या लहान फेदरनेही नाही. धोका असतो तो पृष्ठभागापर्यंत पोचलेल्या लांब फेदरचा, विशेषतः तो गर्डलला किंवा टोकदार कोपऱ्याला भिडला असेल तर. अशी एक अंगठी माझ्या हातात आली होती. चौकोनी प्रिन्सेस कट, कागदावर अगदी बऱ्यापैकी ग्रेड. एका कोपऱ्यातून निघालेला फेदर नेमका प्रॉंगखाली गेलेला. प्रॉंग झिजला म्हणून दुरुस्तीला दिली, पकडीचा दाब पडला आणि कोपऱ्याचा टवका निघाला. ग्रेड खोटा नव्हता. वरून बघताना तो फेदर खरंच किरकोळ दिसत होता. खड्याच्या कडेने कुणी बघितलंच नव्हतं. अशा खड्याला प्रॉंगऐवजी चहूबाजूंनी धातूचं बंद कोंदण केलं तर कड सांभाळली जाते, पण मुळात तसा खडा निवडूच नये. मोठे फेदर असलेली अंगठी अल्ट्रासोनिक यंत्रात धुवायला टाकू नये, हेही याच ओघात.

आणखी एक प्रकार आहे ज्यात मी तुमच्याही एक पाऊल पुढे जाईन. दोष लपवलेले खडे. लेसरने केसाएवढं भोक पाडून काळा स्फटिक पांढुरका करतात. हा बदल कायमचा असतो आणि जीआयए तो रिपोर्टवर नमूद करून ग्रेड देतं. दुसरी पद्धत म्हणजे भेगेत काचेसारखा पदार्थ भरणं. अशा खड्याला जीआयए ग्रेडच देत नाही. भिंगाखाली हलवला की भेगेतून नारिंगी किंवा निळसर जांभळी झाक चमकून जाते. सोनाराच्या बत्तीची आच लागली की तो भराव बिघडतो आणि सगळी भेग उघडी पडते. असा हिरा ‘एसआय दिसतो, आयच्या भावात देतो’ म्हणून गळ्यात मारतात. तिथे ‘दोष तो दोषच’ हे तुमचं वाक्य शंभर टक्के लागू.

विक्रीबद्दल मात्र तुमचं गणित मला पटत नाही. वापरलेली अंगठी घेणारा व्यापारी दुकानाच्या किमतीला घेत नाही, त्याच्या घाऊक भावालाही नाही, त्याच्याही खाली घेतो. ही घट शुद्धतेच्या एका-दोन पायऱ्यांतून भरून निघत नाही. व्हीव्हीएससाठी जास्तीचे मोजलेले पैसेही त्याच घटीत सापडतात, आणि रक्कम मोठी असल्याने तोटाही मोठा होतो. शिवाय रिपोर्ट त्या दिवशीचा असतो, आणि तो सुट्या खड्याचा असतो. पुढे वर्षानुवर्षं अंगठी बोटात राहिली, दुसऱ्या हिऱ्याच्या दागिन्यांबरोबर एकाच डबीत पडली, तर पैलूंच्या धारा घासतात, कडेला बारीक टवके जातात. एफएल म्हणून घेतलेला हिरा पुन्हा तपासायला पाठवला तर एफएल म्हणूनच परत येईल याची हमी कोण देणार? गुंतवणूक करायची असेल तर अंगठी हा त्याचा मार्गच नव्हे.

दुर्मीळपणाचेच पैसे असतात याला एक ताजा दाखलाही आहे. प्रयोगशाळेत केलेल्या हिऱ्यांत वरचे ग्रेड सर्रास मिळतात. 2025 मध्ये जीआयएने त्यांच्यासाठी ही अकरा पायऱ्यांची मोजपट्टी सोडून ‘प्रीमियम’ आणि ‘स्टँडर्ड’ अशा दोनच ढोबळ वर्गांत त्यांची प्रत सांगायचं ठरवलं. सगळेच वरच्या पायऱ्यांवर गर्दी करत असतील तर बारीक पायऱ्या मोजून उपयोग काय!

जाता जाता एक विषयांतर, कारण ‘दोष’ हा शब्द मला नेहमीच जरा अन्यायाचा वाटतो. 2014 मध्ये भूशास्त्रज्ञ ग्रॅहम पिअर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्राझीलमधल्या जुइना भागातल्या एका तपकिरी, दागिन्यांच्या दृष्टीने कवडीमोल हिऱ्यात रिंगवुडाइट नावाच्या खनिजाचा कण सापडल्याचं प्रसिद्ध केलं. पृथ्वीच्या पोटात साधारण 520 ते 660 किलोमीटर खोलीवर, तिथल्या प्रचंड दाबाखाली तयार होणारं हे खनिज पृथ्वीवरच्या खडकात त्याआधी कधी मिळालं नव्हतं. त्या कणात सुमारे दीड टक्का पाणी होतं, म्हणजे तेवढ्या खोलवरचे खडक पाणी धरून बसलेत याचा तो पुरावा. निर्मळ हिऱ्याने हे सांगितलं नसतं. अंगठीला याचा काही उपयोग नाही, कबूल.

‘पवित्र प्रसंगाला डाग नको’ असंही तुम्ही लिहिलंय. त्यावर वाद घालणार नाही. आयएफ घेतल्याने कुणाच्या मनाला समाधान मिळत असेल आणि पैसे असतील, तर खुशाल घ्यावा. फक्त आपण दिसण्याचे पैसे देतोय असं समजून देऊ नयेत.

आता तुमचे दोन खडे. दोन्ही गोल, दोन्ही 1.01 कॅरेट, रंग दोन्हींचा जी, म्हणजे जवळपास रंगहीन. एक व्हीव्हीएस2, कट (म्हणजे पैलूंची घडण) ‘गुड’. दुसरा एसआय1, कट ‘एक्सलंट’, दोषांच्या यादीत ‘फेदर, क्रिस्टल’ (क्रिस्टल म्हणजे आतला स्फटिक). पहिला महाग.

पहिला मी घेणार नाही. हिऱ्याचं तेज पैलूंच्या कोनांवर असतं. कोन चुकले की उजेड खालून गळून जातो आणि आतून कितीही स्वच्छ असलेला खडा मलूल दिसतो. जो दोष भिंगानेही शोधावा लागतो त्याच्या नसण्याचे पैसे द्यायचे आणि जो फरक लांबून दिसतो त्यावर पाणी सोडायचं, हा व्यवहार उलटा आहे.

दुसऱ्याबद्दल लगेच हो म्हणत नाही. त्या यादीत जो दोष पहिला लिहिलेला असतो, त्यानेच सहसा ग्रेड ठरलेला असतो, म्हणजे इथे फेदर. पूर्ण रिपोर्ट असेल तर त्यावर आकृती असते. लाल रेषा आतल्या दोषांच्या, हिरव्या पृष्ठभागावरच्या. छोट्या रिपोर्टवर आकृती नसते, नुसती नावं असतात, तेव्हा खडा बघण्याला पर्याय नाही. भाच्याला सांगा, खडा कोंदणात बसवायच्या आधी सुटा बघायला माग. आधी पुसून घ्यायचा, नाहीतर धूळच दोष वाटते. दुकानातल्या झोताच्या दिव्यांखाली सगळंच झगमगतं, म्हणून खिडकीशी, पसरलेल्या उजेडात, वीतभर अंतरावरून नुसत्या डोळ्यांनी बघायचा. काही खुपलं नाही तर भिंग डोळ्याला अगदी चिकटवून, चिमट्याचा हात गालाला टेकवून, खडा हळूहळू कलवत बघायचा: क्रिस्टल काळा आहे की पांढरा, टेबलाखाली आहे का, त्याची प्रतिबिंबं पडतात का. मग खडा आडवा करून कडेने फेदर कुठवर जातो ते बघायचं.

फेदर आतल्या आत संपत असेल आणि क्रिस्टल नुसत्या डोळ्यांना दिसत नसेल, तर हा एसआय1 बिनधास्त घ्या. फेदर गर्डलपर्यंत आला असेल तर दोन्ही परत करा आणि कट ‘एक्सलंट’ असलेला व्हीएस2 शोधा. तोही बहुधा तुमच्या व्हीव्हीएस2 पेक्षा स्वस्तच पडेल. रिपोर्टची आकृती मिळाली तर इथेच खाली लिहा, फेदर कुठल्या बाजूला दाखवलाय ते सांगितलंत तर प्रॉंग कुठे यायला नको तेही सांगता येईल.